चूक तुमची नव्हे, पडद्याची!

विजेचे बिल भरायचे असते. ग्राहक क्रमांक लिहिला, रक्कम लिहिली. आता ओटीपी पाहण्यासाठी मेसेज उघडला आणि परत येऊन पाहावे तर लिहिलेले सगळे पुसलेले! पुन्हा श्रीगणेशा. तोवर ओटीपीची मुदतही संपते. अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी मुकाट्याने फोन मुलाच्या हाती देतात आणि म्हणतात, "आपल्याला नाही बाबा जमत हे."

पण दोष खरोखर त्यांचा असतो का? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंवर पुस्तक लिहून या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. दार ओढायचे की ढकलायचे, हे माणसाला कळत नसेल, तर दोष दाराच्या रचनेचा. संगणक आणि मोबाइलच्या पडद्यालाही हाच न्याय लागू पडतो.

जाणकारही चुकतात

रोज संगणकावरच काम करणारेही यातून सुटत नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावरील सुमारे ७८ लाख डॉलर व्याज कर्ज देणाऱ्या संस्थांना पाठवायचे होते. मुद्दल बँकेतच राहावे यासाठी पडद्यावरील तीन चौकटी भरणे आवश्यक होते. भारतात बसून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने एकच भरली, कारण तेवढी पुरेशी आहे, असा त्याचा समज होता. तिघांच्या नजरेखालून व्यवहार गेला, तिघांनाही तो बरोबर वाटला आणि जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले! त्यातील सुमारे ५० कोटींसाठी बँकेला २०२२ पर्यंत न्यायालयात झगडावे लागले.

पापणी मिटता येत नसेल तर?

काहींच्या बाबतीत तर प्रश्न त्रासापुरता उरत नाही, दरवाजाच बंद होतो. बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीने काय करावे? हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापण्यांखेरीज अन्य मार्ग ठेवा आणि कागदावर ओळख पटवण्याची सोयही असू द्या, असे न्यायालयाने बजावले.

घरच्या घरी काय करता येईल?

फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करण्याची सोय असते, ती आई-वडिलांना आधी करून द्या. बिल भरताना त्यांच्या हातून फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि बोट त्यांनाच फिरवू द्या, म्हणजे पुढच्या वेळी भीती वाटणार नाही. पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि रक्कम मोठ्याने वाचण्याची सवय लावा.

आणि अडल्यास तक्रार जरूर करा. मात्र "जमत नाही" एवढेच लिहून भागत नाही. "मेसेज पाहून परत आल्यावर भरलेली माहिती पुसली जाते," असे नेमके लिहा आणि पडद्याचे छायाचित्र जोडा. दुरुस्ती करणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते आणि घरातल्या माणसालाही कळते, की आपले काहीच चुकले नव्हते.