दगड उचलेल त्याला वाटा

टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता कधीतरी आपण थबकतो. एक आडदांड माणूस अंगाला पट्टे बांधून अख्खा ट्रक ओढत असतो. घरातली मुलं खिदळतात आणि आपणही ‘काय हे खूळ!’ म्हणत पुढे जातो. पण या खेळाकडे जरा थांबून पाहावं, असं मला वाटतं. कारण त्यातली बरीचशी वजनं व्यायामशाळेत नव्हे, तर पोटापाण्याच्या कामात जन्मली आहेत.

‘जगातला सर्वांत बलवान पुरुष’ ठरवणारी स्पर्धा १९७७ साली कॅलिफोर्नियात, टीव्हीसाठी म्हणूनच सुरू झाली. ब्रूस विल्हेल्म हा अमेरिकन वेटलिफ्टर तिचा पहिला विजेता. यातले प्रकार अनेक. अंतिम फेरीत दहा जण असतील, तर प्रत्येक प्रकारात पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत शेवटच्याला १. त्यामुळे एकाच कामात तरबेज असलेल्याचा इथे निभाव लागत नाही.

ट्रक ओढताना खरी कसोटी पहिल्या पावलाची. उभं धूड एकदा हललं, की ते थांबू न देणं एवढंच उरतं. म्हणून गडी जमिनीशी जवळजवळ आडवा होऊन छोटी छोटी पावलं टाकतो. ‘फार्मर्स वॉक’मध्ये दोन्ही हातांत जड ओझी घेऊन चालायचं. तिथे पाय थकण्याआधी बोटं सुटतात. दोन भरल्या बादल्या घेऊन विहिरीवरून येणाऱ्या कोणत्याही बाईला हे शिकवावं लागणार नाही. ‘अ‍ॅटलस स्टोन्स’ म्हणजे चढत्या वजनाचे, बहुधा पाच, गोल गुळगुळीत धोंडे. धरायला कुठे कंगोरा नाही. हातांना चिकट राळ फासायची, धोंडा आधी मांडीवर घ्यायचा, मग कवटाळून उठायचं आणि ओट्यावर ठेवायचा.

या दगडांची जुनी घराणी आइसलँडमध्ये भेटतात. हूसाफेल या गावी १८६ किलोचा एक दगड आहे. अठराव्या शतकात स्नोरी ब्योर्नसन या पाद्र्यानं बांधलेल्या मेंढवाड्यापाशी तो आजही पडलेला आहे. तो छातीशी धरून वाड्याभोवती फेरी मारली, की माणूस बलवान. स्पर्धेत त्याची प्रतिकृती वापरतात. दगड छातीवर असा दाबतो, की श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

त्याहून बोलके दगड द्युपालोन्ससांदुरच्या किनाऱ्यावर आहेत. मासेमारीच्या होडीवर कोणाला घ्यायचं, हे ते ठरवत. चार दगड, चार नावं : १५४ किलोचा ‘पुरा बलवान’, १०० किलोचा ‘अर्धा बलवान’, ५४ किलोचा ‘अर्ध्या वाट्याचा’ आणि २३ किलोचा ‘नालायक’. ५४ किलोचा दगड ज्याला उचलता येईना, त्याला होडीत जागा नसे. त्या दगडामागे टाळ्या नव्हत्या; घरची चूल होती.

आज जेमतेम चार लाख वस्तीच्या या देशानं योन पॉल सिगमारसन आणि मॅग्नुस वेर मॅग्नुसन यांच्या रूपानं प्रत्येकी चार विजेतेपदं मिळवली. २०१८ साली हाफथोर ब्योर्नसननं नववं मिळवलं. पण शरीर याची किंमत मागतं. सिगमारसन १९९३ साली सराव करतानाच हृदय बंद पडून गेला. वय अवघं ३२. इंग्लंडच्या एडी हॉलनं २०१६ साली ५०० किलो जमिनीवरून उचलले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं.

हे सगळं पाहताना मला आपल्या बाजारपेठांतले हमाल आठवतात. माथ्यावर ओझं वाहणारे म्हणून माथाडी. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. स्पर्धेतला गडी मिनिटा-दीड मिनिटात ओझं टाकतो आणि पंच शिट्टी वाजवतो. हमालाला पुढचं पोतं वाट पाहत असतं. टीव्हीवरच्या पहिलवानाचं कौतुक जरूर करावं. पण आपल्या दारात सिमेंटची ५० किलोची गोणी घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला आधी पाणी विचारावं आणि मजुरीत घासाघीस करू नये.