खिडकीतला शिंपला

गोव्यातील जुन्या घरांच्या व चर्चांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवीत. प्रखर ऊन त्यांतून सौम्य होऊन आत येते.

हा शिंपला धारण करणारा जीव अपृष्ठवंशीय, मृदुकाय संघातील होय. शास्त्रज्ञ त्यास 'प्लाकुना प्लासेंटा' म्हणतात. त्याच्या दोन्ही शिंपा चपट्या व अर्धपारदर्शक असतात. खाडीच्या चिखलावर तो आडवा पडून राहतो आणि कल्ल्यांनी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतो.

ही शिंप जवळजवळ सर्वस्वी कॅल्साइट या खनिजाची, म्हणजे खडूच्याच द्रव्याची, असते. मग ती ठिसूळ का नाही? 2014 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी याचे उत्तर दिले. तिच्यातील स्फटिकांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे प्रकाश पार जातो, परंतु आघाताची इजा जागच्या जागी अडते.

झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या उपसागरात, या जीवाची वसती आहे. 2001 साली भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत त्याचा समावेश झाला. परंतु खाडीचा तळच उपसला गेला, तर नुसता कायदा त्यास कसा वाचविणार? जुन्या खिडक्या जपणाऱ्यांनी ती खाडीही जपावयास हवी.