गच्चीवरचा भार कुणी मोजला?

कोल्हापूरचा नवा राजवाडा, टाउन हॉल आणि सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत, तिन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्यांचाच. आपलं भाराचं गणित चुकलं, इमारती कोसळणार, या धास्तीनं अखेरच्या काळात त्यांना ग्रासलं होतं, असं सांगतात. 1881 मध्ये ते गेले. नवा राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला आणि आजही खणखणीत उभा आहे.

त्या जाड दगडी भिंतींत ताकदीची शिल्लक भरपूर होती. आपल्या सडपातळ आरसीसी कॉलमांत ती नसते, म्हणून तिथं भार आधीच मोजावा लागतो. तो कसा धरायचा, हे ‘आयएस 875’ हे भारतीय मानक सांगतं. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. हा डेड लोड. माणसं, कपाटं, सामान हा लाइव्ह लोड. घरातल्या खोलीला तो साधारण दोनशे किलो धरतात आणि बाल्कनीला तीनशे, कारण मिरवणूक आली की सगळं घर तिथंच गोळा होतं. वापरातल्या गच्चीला मात्र दीडशेच.

आता आपला पाऊस आठवा. पन्हाळीचं तोंड पाल्यानं तुंबलं आणि गच्चीवर अर्धा फूट पाणी साचलं, तर तेवढ्यानंच हे दीडशे किलो भरतात. त्यात दोन हजार लिटरची टाकी म्हणजे दोन टन, तेही थोडक्या जागेवर. कुंड्यांची ओली माती वेगळीच. ‘इंजिनिअर भार दीडपट धरतातच की,’ असं ठेकेदार बिनदिक्कत सांगतो. ती दीडपट हिशेबातल्या आणि वापरातल्या अनिश्चिततेसाठी असते. वरचा मजला चढवण्यासाठी ती मुळीच नाही.

वजन वाढलं की भूकंपाचा धक्काही वाढतो. आणि भूकंप आपल्याकडेही होतो, हे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपानं दाखवलं. दख्खनचा खडक स्थिर, हा समज त्या दिवशी मोडला आणि 1970 मध्ये भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला. ‘आयएस 1893’ या भूकंपविषयक मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत कोयना चौथ्या क्षेत्रात आहे, कोल्हापूर तिसऱ्या. म्हणूनच खाली भिंतींविना पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही आपल्याकडची सर्रास रचना मला फार काळजीची वाटते. धक्का बसला की सगळा ताण त्या उघड्या कॉलमांवर येतो.

फ्लॅट घेताना टाइल्स, किचन ओटा, नळ आपण निरखून पाहतो. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मात्र क्वचितच कुणी मागतो. ते बिल्डरकडून मागून घ्या, सोसायटीच्या फायलीत ठेवा. गच्चीवर टाकी, बाग किंवा खोली चढवण्याआधी ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि त्याचा सल्ला लेखी घ्या.