चित्रकलेचा तास कशासाठी?



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास कानी येतो : "चित्रकलेचे किती मिळाले?" कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळवणाऱ्यास ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ असे वाढीव गुण दहावीला मिळतात. 'लातूर पॅटर्न'च्या या जिल्ह्यात एकेका गुणाची किंमत घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा पालकांनी मुलांना या परीक्षेस बसवले, तर त्यात वावगे काही नाही. तक्रार आहे ती पुढची. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते, आणि अकरावीला चित्रकला घेतो म्हणणाऱ्या मुलास "त्यावर पोट भरणार आहे का?" असे उत्तर मिळते. या व्यवहारात आपण काय मिळवतो आणि काय टाकून देतो, याचा हिशेब मांडावा एवढाच आजचा हेतू. मी चित्रकार नव्हे. शाळा अर्ध्यात सुटलेला, कामगार संघटनेत वय गेलेला माणूस आहे. हा विषय मी का घेतला ते ओघाने येईलच.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांत मुलांना करावे तरी काय लागते? पहिली गोष्ट वस्तुचित्र. घरी एक प्रयोग करून पाहा. पाटावर तांब्या ठेवा आणि मुलाला तो काढावयास सांगा. शिकवलेले नसेल तर तो तोंड वाटोळे काढील आणि बूड सरळ रेघेने. कारण तोंड गोल असते आणि तांब्या सपाट बसतो, हे त्यास ठाऊक आहे. परंतु डोळ्याला तसे दिसत नाही. तोंड दिसते लंबगोल. तांब्या डोळ्याच्या पातळीच्या जितका खाली, तितका तो लंबगोल फुगत जातो. डोळ्याच्या पातळीस आला की नुसती रेघ उरते. म्हणूनच बुडाची कडा तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वाकलेली दिसते. आपल्याला जे ठाऊक असते ते आपण पाहिलेच असे धरून चालतो. समोर खरोखर काय आहे ते तपासण्याची सवय या एका तांब्यापासून लागते.

दुसरी गोष्ट स्मरणचित्र. आठवडी बाजार काढा म्हटले की नवखे मूल सगळी माणसे एका रांगेत, तोंडे आपल्याकडे करून उभी करते. मोंढ्यातला हमाल पोते पाठीवर घेताना कमरेत किती वाकतो, भार कोणत्या पायावर येतो, हे त्याने रोज पाहिलेले असते. पण टिपलेले नसते. पाहणे आणि टिपणे यांतले अंतर कागदावर लगेच उघडे पडते. तिसरी गोष्ट संकल्पचित्र, म्हणजे आकार आणि रंग यांची जुळणी. आपल्या शेजारच्या बीदरचा कारागीर चांदीची तार ठोकण्याआधी मोरचुदाने काळवंडलेल्या धातूवर हाताने नक्षी रेखून घेतो. ती रेघ चुकली तर पुढची चांदी वाया.

चौथी गोष्ट भूमिती. तिच्यापाशीच मला या विषयाचे महत्त्व कळले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात एका कामगारावर नोटीस आली. त्याने भोके उलट्या बाजूस पाडली, सगळे नग बाद झाले, तेव्हा नुकसान पगारातून का कापू नये? वस्तूचा नकाशा मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत उजव्या बाजूचे दृश्य समोरच्या दृश्याच्या डावीकडे मांडतात, दुसरीत उजवीकडे. आपल्याकडे पहिलीचा सराव. तो नकाशा परदेशी गिऱ्हाइकाचा, दुसऱ्या पद्धतीचा होता. पद्धत सांगणारे चिन्ह कोपऱ्यात असते. पण कामगाराच्या हाती दिलेल्या प्रतीत तो कोपराच आला नव्हता. हे आम्हा पुढाऱ्यांपैकी कोणालाही दिसले नाही. दिसले ते एका उमेदवार पोराला. त्याने शाळेत इंटरमिजिएट केली होती, घनभूमितीत वरचे आणि समोरचे दृश्य काढले होते. नोटीस मागे घेतली गेली. त्या दिवशी मला वाटले, अक्षरे वाचता येणे ही एक साक्षरता, आणि रेघ वाचता येणे ही दुसरी.

आता अकरावी-बारावीकडे येऊ. राज्य मंडळाच्या विषयांत चित्रकला आहे, तसाच 'कलेचा इतिहास व रसग्रहण' हाही विषय आहे. या वयात मूल 'कसे काढले' यापुढे जाऊन 'का काढले' असे विचारू लागते. आपल्या मराठवाड्यातले अजिंठाच घ्या. खडकावर माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग, अशी तेथली रीत. बहुतेक रंग जवळच्याच माती-दगडांचे. निळा मात्र अफगाणिस्तानकडून आलेल्या दगडाचा. एका निळ्या रंगातून व्यापार, भूगोल आणि धर्म यांचे धागे हाती येतात. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालचे. तेथील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. आपल्या दारातल्या या चित्रांपुढे मुंबईची मुले तेव्हा बसून शिकली. आपली मुले सहलीला जातात आणि तासाभरात परततात.

पुढची वाटही बंद नाही. कोणत्याही शाखेची बारावी झालेल्या मुलास दृश्यकलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा देता येते. तीत सामान्यज्ञानाखेरीज असते काय, तर वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र! शाळेत गुणांपुरते केले, तेच पुन्हा दारात उभे राहते. शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरलाही आहे. ही पदवी घेणाऱ्या प्रत्येकाचे पोट भरेल असे वचन मी देत नाही. तसे ते दुसऱ्या कोणत्या पदवीबद्दल तरी कोण देतो?

खरी अडचण शिक्षकाची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेचा अंशकालीन निदेशक मिळतो, तो पट शंभराच्या वर असेल तर. खेड्यापाड्यांतल्या लहान शाळा तेथेच वगळल्या जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मात्र कला आणि विज्ञान यांत भिंत नको असे म्हटले आहे. कागदावरची ही दोन वाक्ये एकमेकांशी जुळवून घेणे आपोआप होत नसते. त्यासाठी मागणी करावी लागते, आणि ती लावून धरावी लागते. एवढे मात्र संघटनेने मला शिकवले आहे.

तेव्हा चाकूरकरांना विनंती अशी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा : चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे काय, आणि त्या तासाला प्रत्यक्षात काय चालते? कनिष्ठ महाविद्यालयात विचारा, हा विषय आमच्या मुलांना कधी मिळणार? आणि आज घरी गेल्यावर तो तांब्या पाटावर ठेवून आधी स्वतः काढून पाहा. आपला डोळा किती शिकला आहे ते कळेल, आणि मग मुलाची रंगपेटी माळ्यावर टाकवणार नाही.