संकल्पन-आज्ञावलीची नवी आवृत्ती : मालवणच्या किनाऱ्यावरून एक विचार

स्थापत्य-अभियांत्रिकीतील संकल्पनासाठी संगणक-आज्ञावलीची नवी आवृत्ती घ्यावी, की जुनीवरच काम चालू ठेवावे, हा प्रश्न बहुधा खर्चाच्या व सोयीच्या दृष्टीने सोडविला जातो. वस्तुतः तो संहितेचा प्रश्न आहे. आज्ञावली हे संहितेतील नियमांचे यांत्रिक रूप होय. नियम बदलले आणि आज्ञावली तशीच राहिली, तर गणित बिनचूक असूनही उत्तर कालबाह्य ठरते.

वाऱ्याच्या भाराचे उदाहरण बोधप्रद आहे. भारतीय मानक ८७५, भाग ३ ही १९८७ ची संहिता २०१५ मध्ये सुधारण्यात आली. पूर्वी संकल्पित वेगाच्या वर्गास ०.६ ने गुणिले की दाब मिळे. आता त्या दाबास दिशा, क्षेत्रफळ इत्यादींचे गुणक लावावे लागतात व ते बहुधा दाब कमी करतात. उलटपक्षी, चक्रीवादळासाठी वेग वाढविणारा गुणक नव्याने आला. परंतु तो पूर्व किनारा व गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटर रुंद पट्ट्यापुरता आहे. कोकण त्यात येत नाही. म्हणजे मालवणच्या एखाद्या इमारतीवर नवी आवृत्ती जुनीपेक्षा कमी भार दाखवील, असा संभव आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले. तेव्हा ही बचत किती स्वीकारावी, हे अभियंत्यानेच ठरवावयाचे असते.

तथापि, आवृत्तीच्या निवडीस मर्यादाही आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले व २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या वेळी वारा ताशी सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १२.५ मीटर वेगाचा होता, असे सांगण्यात आले. संहितेत नजीकच्या पणजीसाठी मूलभूत वेग सेकंदास ३९ मीटर आहे. इतर गुणक बाजूस ठेविल्यास, पहिल्या वेगाचा दाब चौरस मीटरास सुमारे ९४ न्यूटन, तर दुसऱ्याचा सुमारे ९१३ न्यूटन होतो. अर्थात्, तो वारा संहितेच्या अपेक्षेच्या जेमतेम एक-दशांश होता. चौकशी समितीच्या अहवालाचा जो आशय वृत्तपत्रांत आला, त्यात गंज, सदोष वेल्डिंग व सांगाड्याचा कमकुवतपणा ही कारणे होती. गंज आणि वेल्डिंग यांचा दोष कोणत्याही आवृत्तीच्या पडद्यावर उमटत नाही.

काँक्रीटचेही तसेच आहे. समुद्राचे तुषार अंगावर घेणाऱ्या प्रबलित काँक्रीटास भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार सळयांवर किमान ५० मिलिमीटर आवरण व एम ३५ प्रत लागते. परंतु ही परिस्थिती-श्रेणी आज्ञावलीस सांगावी लागते. समुद्र किती दूर आहे, हे तिला ठाऊक नसते.

सारांश, संहिता बदलली असेल तर नवी आवृत्ती घेणे अपरिहार्य होय. मात्र पूर्वी हाताने सोडविलेले एखादे उदाहरण तीवर पुन्हा सोडवून फरकाचे कारण समजून घ्यावे, आणि चालू कामाच्या मध्यावर आवृत्ती बदलू नये. संहिता तीच असेल, तर तो खर्च जागेच्या तपासणीकडे वळविणे अधिक हितावह ठरेल.