लेथ, लहान : जुन्या यंत्राची पुनर्दुरुस्ती व वापर

पकडीत फिरणाऱ्या धातूच्या तुकड्यावर (जॉबवर) हत्यार सरकवून कातकाम करणाऱ्या यंत्राचा मेजावर बसविता येण्याजोगा प्रकार. याच्या दोन केंद्रांमधील अंतर सामान्यतः ३०० ते ५०० मिमी. असते. हेन्री मॉड्स्ली यांनी १८०० च्या सुमारास सरकता हत्यारधर व लीड स्क्रू यांचा मेळ घालून सिद्ध केलेली रचनाच यात मूलतः टिकून असल्याने पन्नास वर्षांपूर्वीचा लेथही नीट दुरुस्त केल्यास कामाचा ठरतो.

कोल्हापुरात शेतीसाठी लागणारी ऑइल इंजिने व बिडाचे ओतकाम यांमुळे कातकाम रुजले. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव ही त्याची प्रमुख केंद्रे होत. (बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चलच्चित्रणाचा चालता कॅमेरा १९१८ मध्ये याच शहरात जुळविला होता.) संगणक-नियंत्रित यंत्रे आल्यावर हाताने चालविण्याचे लेथ विक्रीस निघतात. थोड्या भांडवलावर व्यवसाय सुरू करणाऱ्याची सारी पुंजी अशा एका यंत्रात अडकते, म्हणून निवड महत्त्वाची.

रंग, मोटर व पट्टा यांना फारसे महत्त्व नाही. ते बदलता येतात. पाहावयाचे ते बेड व तर्कू. बहुतेक काम चकजवळ होत असल्याने बेडही तेथेच अधिक झिजतो. सॅडल चकजवळ सैल लागते म्हणून जिब पट्टी आवळली, तर ते टेलस्टॉककडील न झिजलेल्या भागात अडकते. विक्रेत्याने नुकतीच पट्टी आवळली असेल, तर हा दोष लपतो. यासाठी सॅडल बेडच्या पूर्ण लांबीवर फिरवून पाहावे. चकमध्ये सळई धरून ती वर उचलली असता तर्कू डायल गेजवर हलताना दिसला, तर धारवे तपासावेत. पंचगंगेला २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. पाण्याखाली गेलेल्या यंत्राच्या धारव्यांत गाळ राहतो, म्हणून ते उघडून धुतल्याशिवाय मोटर चालू करू नये.

भाग सुटे करताना त्यांवर खुणा कराव्यात. गंज रॉकेल व बोथट पट्टीने काढावा. सरक-पृष्ठांवर पॉलिश कागद चालविणे हा सर्रास होणारा परंतु घातक उपाय आहे, कारण त्याने उरलेली अचूकताही जाते. झीज थोडी असल्यास निळा लेप लावून उंचवटे खरवडतात. जास्त असल्यास बेड ग्राइंडिंगला द्यावा लागतो, व तो खर्च यंत्राच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

जुळणीनंतर सुमारे १०० मिमी. बाहेर काढलेल्या सळईवर, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन टोकांस दोन कडी एकाच मापाने कातावीत. व्यासांत फरक आल्यास बेडला पीळ आहे असे समजून पायांखाली पातळ पत्रे घालून तो घालवितात. हेडस्टॉकला हात लावण्यापूर्वी हे करावे.

जुन्या यंत्रांचा लीड स्क्रू बहुधा इंच मापाचा असतो. त्यावर मिमी. मापाचे आटे अचूक पाडण्यास १२७ दात्यांचे चक्र लागते, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. जागा नसल्यास ६३ दात्यांचे चक्र वापरतात. त्याने येणारी चूक आखूड आट्यांत जाणवत नाही. हायस्पीड स्टीलच्या हत्याराने २५ मिमी. व्यासाचे सौम्य पोलाद कातताना मिनिटाला सुमारे ३८० फेरे पुरेत. झिजलेल्या यंत्रावर ते आणखी कमी ठेवून काप उथळ घ्यावा. जुन्या लेथवर पट्ट्याचे आच्छादन पुष्कळदा गहाळ असते. ते प्रथम बसवावे, सैल बाह्या टाळाव्यात व चकची चावी चकमध्ये कधीही ठेवू नये. [→ यांत्रिक हत्यारे].