वाफेच्या पोटांतली उष्णता

गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या घरीं एक लहानसा अपघात घडला. नैवेद्याची वेळ जवळ येऊन ठेपली होती. शेगडीवर मोदकपात्र चढलेलें होतें आणि पहिला घाणा झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आमच्या धाकट्या सूनबाईनें झांकण उचललें. झांकणाची अलीकडची कड आधीं वर आली आणि आंत कोंडलेली वाफ सरळ तिच्या उजव्या मनगटावर आली. तिनें क्षणार्धांत हात मागें घेतला. परंतु तेवढ्यांत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. आमच्या आत्याबाई सोंवळ्यानें शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अग, नुसती वाफच ना लागली! उकळतें पाणी थोडेंच सांडलें आहे? जरा तूप लाव, आणि पुढचा घाणा ठेव." सूनबाईनें तसेंच केलें. आरती होईपर्यंत मनगट सुजलें आणि हिरव्या बांगड्या त्यांत रुतूं लागल्या. सणाच्या दिवशीं बांगड्या वाढवावयाच्या कशा, या विचारांत आणखी अर्धा तास गेला. शेवटीं डॉक्टरांकडे त्या वाढवाव्याच लागल्या, आणि फोड बरा होण्यास तीन आठवडे लागले.

आत्याबाईंना दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. "नुसती वाफ" हे शब्द आमच्याही तोंडीं सहज आले असते. पाणी डोळ्यांना दिसतें, हाताला जड लागतें. वाफ म्हणजे हवेसारखी कांहींतरी हलकी वस्तु, तिच्या अंगीं ती काय शक्ति असणार, असा आपला सर्वांचाच समज असतो. किंबहुना खरी वाफ दिसतच नाहीं. किटलीच्या तोटीपुढें जो पांढरा लोट आपण पाहतों, तो वाफ थंड होऊन बनलेल्या सूक्ष्म जलबिंदूंचा असतो. तोटीचें तोंड आणि तो लोट यांच्यामध्यें जी बोटभर रिकामी जागा दिसते, वाफ असते ती तेथें. आणि भाजतें तें तेथेंच अधिक.

या अदृश्य वस्तूच्या पोटांत किती उष्णता दडलेली असते, याचा हिशेब प्रथम मांडला तो ग्लासगो विद्यापीठांतील डॉक्टर जोसेफ ब्लॅक यांनीं. त्या काळीं विद्वानांचाही असा समज होता कीं, बर्फ वितळण्याच्या बिंदूपर्यंत तापला म्हणजे आणखी थोड्याशा उष्णतेनें त्याचें सगळें पाणी होऊन जातें. ब्लॅक यांस तें पटेना. तसें असतें तर वसंतांतील पहिल्या उबदार दिवशीं डोंगरांवरील सारें हिम एकदम वितळून खालचीं गांवें वाहून गेलीं असतीं! आपल्या गंगा-सिंधूंना भर उन्हाळ्यांत हिमालयाचें पाणी हळूहळू मिळत राहतें, त्याच्या मुळाशींही हेंच कारण आहे.

ब्लॅक यांचा प्रयोग कोणाही गृहिणीस करतां येईल इतका साधा होता. सारख्या आकाराचे दोन कांचेचे गोल त्यांनीं घेतले. एकांत बर्फ होता, दुसऱ्यांत तितकेंच, बर्फाइतकें थंडगार केलेलें पाणी. दोन्ही गोल एका मोठ्या दालनांत टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासांत सुमारें चार अंश सेल्सियस तापलें. बर्फ वितळून त्याचें पाणी त्याच उष्णतामानास येण्यास मात्र साडेदहा तास लागले. हवा तीच, दालन तेंच. दोन्ही गोलांत उष्णता सारख्याच वेगानें शिरत होती. मग त्या अधिक दहा तासांची उष्णता गेली कोठें? ती बर्फांत शिरली होती, पण तापमापकावर दिसली नव्हती. दिसत नाहीं म्हणून तिला त्यांनीं जें नांव दिलें, त्याचाच अर्थ आपल्या 'सुप्त उष्णता' या शब्दांत उतरला आहे. आजच्या शालेय पुस्तकांत मुलें 'अप्रकट उष्मा' असें शिकतात.

पुढें त्यांनीं हाच प्रश्न उकळत्या पाण्यास विचारला. पत्र्याच्या सपाट भांड्यांत थोडें पाणी घालून तें तापून लाल झालेल्या लोखंडी शेगडीवर ठेवलें. चार मिनिटांत पाण्यास उकळी आली. सगळें पाणी आटण्यास मात्र त्यानंतर वीस मिनिटें लागलीं. त्या वीस मिनिटांत पाणी अधिक असें तापलेंच नाहीं. वरील प्रयोग १७६० नंतरच्या दोनतीन वर्षांतले आहेत.

आम्हींही एका रविवारीं हा प्रयोग करून पाहिला. अर्धा लिटर पाणी पातेल्यांत घेतलें, प्रयोगशाळेंत वापरतात तसा तापमापक त्यांत सोडला आणि गॅस मोठा ठेवला. चार मिनिटांच्या आंत पाणी खळखळूं लागलें आणि पारा ९८ अंशांवर येऊन थांबला. शंभरावर कां नाहीं, म्हणून नातवानें विचारलें. पुणें समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंच आहे. हवेचा दाब तेथें थोडा कमी, म्हणून पाणी थोडें आधींच उकळतें. महाबळेश्वरीं तें साडेपंचाण्णवाच्या सुमारासच उकळेल. असो. यानंतर पाव तास गॅस तसाच धडधडत होता, पण पारा केसभरही हलला नाहीं, आणि पातेल्यांत निम्में पाणी अजून शिल्लकच होतें. गॅस फुकट जाळल्याबद्दल घरांतून जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं. परंतु तो टोमणा अगदीं शास्त्रशुद्ध होता हें थोड्याच वेळांत वाचकांच्या ध्यानांत येईल.

एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते तिला कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळविण्यास ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागतात ५४० कॅलरी! म्हणजे नळाचें पाणी उकळीस आणण्यास जेवढी उष्णता खर्चीं पडते, तिच्या सातपटींहून अधिक उष्णता तें उडवून लावण्यास पडते. हिला एवढें काय काम असतें? पाण्याचे रेणू एकमेकांस घट्ट धरून असतात. त्यांचें चलनवलन वाढलें कीं पाणी तापतें. पण ती परस्परांची मिठी सोडवून प्रत्येकास मोकळें करावयाचें म्हणजे निराळीच मेहनत. सारी उष्णता या ताटातुटींत खर्च होते, तापविण्यास कांहीं उरत नाहीं. एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ सोळाशेंहून अधिक घनसेंटिमीटर जागा व्यापते, यावरून ते रेणू किती दूर पांगतात याची कल्पना येईल.

आतां ही उष्णता नाहींशी होत नाहीं. ती रेणूंबरोबर जाते, आणि वाफेचें पुन्हा पाणी झालें कीं जशीच्या तशी परत मिळते. मोदक शिजतात ते यामुळेंच. उकडीला पाण्याचा स्पर्शही होत नाहीं; वाफ तिच्या थंड अंगावर येऊन पाणी होते आणि आपली सगळी शिदोरी तेथें रिकामी करते. दुर्दैवानें वाफेला मोदक आणि मनगट यांतला भेद कळत नाहीं. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम थेंब कातडीवर पडून शरीराच्या उष्णतामानाइतका थंड होईपर्यंत ६३ कॅलरी देतो. तितकीच वाफ तेथें निवली तर आधीं ५४० आणि मग त्या ६३, अशा सहाशेंहून अधिक कॅलरी देते. आत्याबाईंच्या "नुसत्या" वाफेचा हिशेब हा असा आहे.

जेम्स वॉट यांस हीच गोष्ट निराळ्या वाटेनें दिसली. ते त्याच विद्यापीठांत उपकरणें दुरुस्त करीत असत. किटलीची वाफ नळीनें थंड पाण्यांत सोडली असतां थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाचें पाणी उकळीपर्यंत नेते, हें पाहून ते चकित झाले आणि ब्लॅक यांजकडे गेले. त्यांनीं कारण उलगडून सांगितलें. न्यूकोमनच्या बंबांत प्रत्येक फेरीस सिलिंडर थंड करून पुन्हा तापवावें लागे आणि त्यांत वाफ वायां जाई. वाफ निवविण्यासाठीं वेगळें पात्र ठेवण्याची युक्ति वॉट यांस १७६५ त सुचली. वाफेच्या यंत्राचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे.

आपल्या स्वयंपाकघरांत कोळसा जाऊन सिलिंडर आला, तरी हिशेब तोच आहे. लिटरभर पाण्याला उकळी आणण्यास जेवढा गॅस लागतो, तेवढाच त्यांतील एक वाटीभर पाण्याची वाफ होण्यांत जातो. बटाटे उकडतांना आधणास उकळी आल्यावरही ज्योत मोठी ठेवली तर बटाटे लौकर शिजत नाहींत. पाणी मंद उकळो वा धो-धो उकळो, उष्णतामान एकच. जास्तीचा गॅस केवळ खिडकीबाहेर जातो. झांकण ठेवावें आणि ज्योत बारीक करावी. शिट्टीच्या कुकरमध्यें दाब वाढल्यामुळें पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतें, म्हणून डाळ चटकन शिजते. पण शिट्टीवर शिट्टी फुकटची वाफच बाहेर टाकते. बासुंदीची गोष्ट मात्र वेगळी. तेथें पाणी उडविणें हाच उद्देश असतो, त्यामुळें बासुंदी करतांना गॅसचा लोभ धरून चालत नाहीं.

हीच सुप्त उष्णता उन्हाळ्यांत आपल्या उपयोगी पडते. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी उडून जातें तें उकळीवांचून. तरी त्यास उष्णता लागतेच, आणि ती बव्हंशीं माठांतील पाण्यांतून घेतली जाते. शंभर ग्रॅम पाणी उडालें, आणि त्याची सगळी उष्णता आंतूनच गेली, तर दहा लिटर पाणी पांच-सहा अंशांनीं निवावें. नागपुरास माठ असा गार होतो कीं दांत कळकळावे. कोंकणांत तोच माठ वैशाखांतही कोमटसर राहतो, कारण तेथील दमट हवेंत पाणी उडतच नाहीं. तो दोष कुंभाराचा नव्हे. तसेंच १८३३ त बोस्टनहून सुमारें १८० टन बर्फ भरून निघालेलें 'टस्कनी' जहाज विषुववृत्त दोनदां ओलांडून चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. तो भुशासारख्या आवरणानें राखला खरा. पण प्रत्येक ग्रॅम वितळण्यास ८० कॅलरी मागत नसता, तर कोणत्याही भुशाचा तेथें निभाव लागला नसता.

डॉक्टरांनीं त्या दिवशीं जें सांगितलें तें येथें नमूद करतों. वाफेनें भाजलें तर ताबडतोब, सूज येण्यापूर्वींच, बांगड्या आणि अंगठ्या काढाव्या. मग तो भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. बर्फ लावूं नये. तूप, दंतमंजन, शाई यांपैकीं कांहींही लावूं नये. फोड फोडूं नये. स्वच्छ कापड सैलसर झांकून, हात, तोंड किंवा सांधा भाजला असेल अथवा भाजलेलें मूल असेल, तर डॉक्टरांकडे जावें.

यंदाच्या चतुर्थीस मोदकपात्राजवळ आत्याबाईच बसल्या होत्या. सूनबाई झांकणाकडे वळली तोंच त्या म्हणाल्या, "आधीं गॅस बंद कर. अंमळ थांब. आतां पलीकडची कड उचल, अलीकडची नको. आणि हात लांब ठेव." वाफ भिंतीकडे निघून गेली. एकवीस मोदक नीट उतरले. त्यांतला एक तेवढा फुटला होता, तो नातवानें नैवेद्याच्या ताटांत जाऊं दिला नाहीं.